साहेब दाणा खात नाहीत

अक्काला मासे आवडत नसत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. शोभेच्या माशांच्या दुकानात तिची बारा वर्षं गेली होती, मागच्या खोलीतल्या नऊ टाक्या तिच्या एकटीच्या ताब्यात होत्या, तरी कुणी 'किती गोड आहेत हो तुमचे मासे' म्हणालं की ती म्हणायची, गोड कसले, एकेक आगाऊ आहे. तिला आवडायचं ते न खाणाऱ्याला खायला लावणं. मासा असो नाहीतर माणूस, हट्टाला पेटलेलं तोंड एकदा उघडलं की अक्काचा दिवस सोन्याचा व्हायचा.

ही खोड जुनी. दुकान धाकट्या भावाचं. त्याआधी अक्का अठरा वर्षं एका पाळणाघरात कामाला होती. दोन ते पाच वर्षांची चाळीस पोरं, आणि त्यांचं दुपारचं जेवण अक्काकडे. चाळिसांत दरवर्षी पाचसहा नग असे निघायचे की घास गालात धरून तासभर बसतील, पण गिळणार नाहीत. बाकीच्या बायकांनी हात टेकले की ते पोर अक्काच्या टेबलाला यायचं. तिची पद्धत साधी होती. न खाणाऱ्याला सगळ्यात हावरट पोराशेजारी बसवायचं. त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. चिऊ-काऊचे घास नाहीत, मिनतवाऱ्या नाहीत. दहा मिनिटं झाली की ताटली उचलायची, आणि उचलताना चेहऱ्यावर राग दिसू द्यायचा नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोर शेजाऱ्याच्या ताटलीत हात घालायचं आणि अक्का मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसायची.

पुढे पाळणाघर बंद झालं. भाऊ म्हणाला, घरात बसून भिंतींना शिस्त लावशील, त्यापेक्षा दुकानात ये आणि काचा पूस. ती आली. तिसऱ्याच महिन्यात एक गिऱ्हाईक हाताच्या पंजाएवढा मासा परत घेऊन आलं. शिकारी जातीचा, जिवंत बारीक मासे खाऊन वाढलेला. डब्यातला कोरडा दाणा पाण्यात टाकला की तो असा मागे सरायचा जसा काही कुणी त्याला खडाच मारलाय. भाऊ वैतागून गेला होता. अक्काने त्या माशाला एका अधाशी माशाच्या टाकीत, मध्ये काचेची आडभिंत घालून बसवलं, दहा मिनिटांचा नियम लावला, आणि नवव्या दिवशी त्याने दाणा उचलला. तेव्हापासून मागच्या खोलीला शिकवणी म्हणतात, अक्काला मास्तरीणबाई आणि त्या अधाशी माशाला मॉनिटर. पहिला मॉनिटर केव्हाच गेला. आताचा तिसरा आहे, पण खादाडपणात घराण्याचं नाव राखून आहे.

दाण्याचा एवढा सोस कशाला, असं कुणालाही वाटेल. पण जिवंत खाद्य म्हणजे विकतचं दुखणं. चार वर्षांपूर्वी खाद्याच्या बारीक माशांबरोबर कसलासा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग दुकानात शिरला आणि पंधरा दिवसांत निम्म्या टाक्या रिकाम्या झाल्या. भावाने त्या दिवसापासून जिवंत खाद्य दुकानात ठेवणंच बंद केलं. आता शिकारी मासा शिकवणीत पास झाल्याशिवाय दुकानाबाहेर पडत नाही.

ह्या शिकवणीतली गोम अशी की शिकारी माशाला दाणा म्हणजे अन्न हेच मुळी माहीत नसतं. पळतं ते अन्न, एवढंच त्याला कळतं. मग दाण्यालाच पळायला लावावं लागतं. अक्का आधी मेलेला बारीक मासा एका काडीच्या टोकाला टोचून पाण्यात हलवते. तो घेतला की काही दिवसांनी कोळंबीचा तुकडा. मग त्या तुकड्याच्या पोटात दाणा लपवून. मग कोळंबीच्या पाण्यात भिजवलेला नुसता दाणा पंपाच्या धारेत सोडायचा, म्हणजे तो गिरक्या घेत पळतो. सगळ्यात शेवटी कोरडा. मधली एक पायरी गाळली तरी पालथ्या घड्यावर पाणी. आणि ह्या सगळ्याच्या आधी आठवडाभर काही म्हणजे काही द्यायचं नाही. मोठा धडधाकट मासा दोन-तीन आठवडे न खाता सहज राहतो. राहवत नाही ते मालकाला. चौथ्या दिवशी तो एक जिवंत मासा टाकतो, आणि आपला विद्यार्थी एकच धडा पक्का शिकतो, की थांबलं की मिळतं. म्हणून अक्काचा नियम होता, शिकवणी संपेपर्यंत मालकाने तोंड दाखवायचं नाही.

हा नियम तिने आयुष्यात एकदाच मोडला.

गेल्या वर्षी एका सकाळी एक वयस्कर गृहस्थ आणि त्यांची चाळिशीची लेक झाकणाचा मोठा डबा दोघांत धरून दुकानात शिरले. गृहस्थ बंदरातले निवृत्त क्रेनवाले. चौऱ्याहत्तर वर्षांचे, खांदे अजून दाराएवढे, पण डावा पाय ओढत चालत होते. डब्यात दीड वीत लांबीचा वाघमासा होता. हा मासा खुशीत असला की पिवळाधमक, अंगावर काळे पट्टे. घाबरला किंवा रुसला की सगळाच्या सगळा काळा पडतो. डब्यातला काजळासारखा दिसत होता. त्याचं नाव साहेब. ह्या काकांच्या बायकोने नऊ वर्षांपूर्वी बोटाएवढा असताना आणला होता. दिवसभर ओंडक्याखाली तिरका उभा राहायचा, काम शून्य, आणि जेवण जागेवर आलं तरच तोंड उघडायचा, म्हणून ती म्हणाली होती, हे आपले साहेब. रोज सकाळी ती त्यांना जिवंत बारीक मासे द्यायची. त्यासाठी गच्चीवर एका टबात तिने त्यांची पैदासच ठेवली होती. दीड वर्षापूर्वी ती गेली. तेव्हापासून टब आणि साहेब दोन्ही काकांकडे.

साहेबांना टाकीत सोडून काका त्यांच्यापुढे उभे राहिले, तेवढ्यात लेकीने अक्काला बाजूला घेतलं. दोन महिन्यांपूर्वी बाबा जिन्यात पडले होते. घरात दुसरं कुणी नाही. शेजाऱ्याच्या कानावर हाक जाईपर्यंत चार तास तिथेच पडून होते. ती स्वतः राहते अकरा तासांच्या अंतरावर. तिने बाबांसाठी खोली रिकामी केली होती, हॉलमध्ये मोठी टाकी आणून ठेवली होती, फक्त एकच गोष्ट तिला जमणार नव्हती. तिच्या भागात जिवंत खाद्य मिळत नाही, आणि मिळालं तरी घरात चालणार नाही. तिच्या पाच वर्षांच्या मुलीने आजोबांकडे एकदा साहेबांचं जेवण बघितलं होतं आणि त्यानंतर चार रात्री ती झोपली नव्हती. दीड महिन्याने गाडी घेऊन ती बाबांना न्यायला येणार होती.

"ताई, साहेब आले नाहीत तर बाबा येणार नाहीत. तसं त्यांनी स्पष्ट सांगितलंय," ती म्हणाली. "आणि पुन्हा पडले तर ह्या वेळी कुणाला ऐकू जाईलच असं नाही."

अक्का म्हणाली, दीड महिना पुष्कळ झाला, मालकाने मध्ये लुडबूड केली नाही तर. काकांनी सगळ्याला मान डोलावली. फक्त एक मागणं मागितलं. रोज सकाळी अकराला येऊन अर्धा तास बसेन, हात लावणार नाही, बोलणार नाही, नुसता बघेन. अक्काने नाहीच म्हणायला हवं होतं. पण त्यांच्या ओढल्या जाणाऱ्या पायाकडे बघून म्हणा, की रिकाम्या डब्याचं झाकण ते ज्या काळजीने पुसत होते त्याकडे बघून म्हणा, ती हो म्हणून बसली. चूक झाली ती इथेच.

काका रोज घड्याळ लावून यायचे. बगलेत चहाचा थर्मास. साहेबांच्या टाकीपुढे स्टुलावर बसायचे, थोड्या वेळाने खिशातून औषधाची गोळी काढायचे आणि पेलाभर पाणी मागायचे. प्यायच्या पाण्याचा नळ दुकानाच्या पुढच्या भागात. अक्का जाऊन पाणी आणायची. गोळी घेऊन काका आणखी जरा बसायचे आणि निघून जायचे. माणूस शब्दाला जागणारा आहे असं अक्काचं मत झालं होतं.

साहेब मात्र दाद देईनात. आठवडा झाला, अक्काने काडी पाण्यात घातली. साहेबांनी काडीकडे पाठ केली. दुसऱ्या दिवशी तेच, पाचव्या दिवशी तेच. शेजारी मॉनिटर काचेवर थोबाड आपटून आपटून दाणे गिळत होता आणि साहेब त्याच्याकडे असे बघत होते जसं काही हे आपल्या पातळीचं नव्हेच. आता बारा वर्षांत हट्टी मासे अक्काने कमी पाहिले नव्हते. तिला खटकलं ते वेगळंच. अठरा दिवस उपाशी असलेल्या माशाचं पोट खपाटीला जायला हवं. साहेबांचं चांगलं गोल होतं. रंगही पिवळा. तिने पाणी तपासलं, हीटर तपासला, पंप उचकटून पाहिला, आणि पंपाच्या मागे, शेपटी अर्धी तुटलेला, नखाएवढा एक जिवंत मासा लपून बसलेला सापडला.

जे खाद्य चार वर्षांत दुकानात आलं नव्हतं ते टाकीत पोहत होतं. अक्काने पहिलं भावाला फैलावर घेतलं. तो बिचारा शपथा घेत सुटला, तरी तिने ऐकून घेतलं नाही. तुझं मन मऊ, तुझा हात मऊ, आणि तुझ्यामुळे माझी अठरा दिवसांची मेहनत पाण्यात, असं सगळं पुराण लावलं. बोलून बोलून दमल्यावर अक्काच्या मनात आलं, की अठरा दिवसांत काकांनी आपल्याला एकदाही चहा विचारला नाही. स्वतः पितानाही ते कधी दिसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी काका आले. अक्का स्टुलाशेजारी दुसरं स्टूल ओढून बसली.

"काका, आज मलाही घोटभर चहा द्या."

"गार झालाय, बाई."

"मला गारच आवडतो."

काकांनी थर्मास उघडला. दुसरं करणार काय? झाकणाच्या कपात पाणी ओतलं आणि त्या पाण्यात दोन बारीक मासे गोल गोल फिरायला लागले. अक्काने कपात डोकावून पाहिलं.

"पत्ती जरा पळतेय," ती म्हणाली.

एरवी ह्यानंतर तिने आकाशपाताळ एक केलं असतं. तयारीही होती. पण काकांचा चेहरा तिला पाळणाघरातल्या पोरासारखा दिसला, चड्डी ओली केलेल्या, आणि तिचे शब्द निम्मे जागच्या जागी राहिले. काका खाली बघत बोलत होते. घरी जेवायला बसलो की घास उतरत नाही, म्हणाले. इकडे आपण जेवतोय, आणि तिकडे ते काचेपाशी येऊन तोंड उघडून उभे आहेत. मला बघून येतात, बाई. तुम्हाला बघून नाही येत. ती असेपर्यंत तिने एक दिवस चुकवला नाही. आजारी असतानासुद्धा मला उठवून म्हणायची, साहेबांचं झालं का?

अक्काला वाईट वाटलं. खरोखर वाटलं. पण वाईट वाटण्यावर तिने आजवर कुणाचं जेवण ठरवलं नव्हतं. तिने थर्मास काढून घेतला, आणि सांगितलं, आता तीन आठवडे उरलेत, मला पहिल्यापासून सुरुवात करायचीय, आजपासून तुम्ही दाराच्या आत पाऊल टाकायचं नाही. तुमच्या दोन माशांनी साहेबांचं पोट भरलं, पण तुमचं लेकीकडे जाणं अडलं, एवढं ध्यानात ठेवा. काका स्टुलावरून उठले.

ते घरी मात्र गेले नाहीत. समोर, रस्त्यापलीकडे, न्हाव्याच्या दुकानाबाहेर एक बाक होता. तिथे बसले. दुसऱ्या दिवशी अकराला पुन्हा तिथेच. न्हाव्याने दोन दिवस वाट पाहिली, मग विचारलं, दाढी की केस? काका म्हणाले, काही नाही, बसलोय. एक वाजेपर्यंत बसायचे. अक्का दारात येऊन नुसती मान हलवायची, म्हणजे नाही. काका उठून पाय ओढत निघून जायचे. तिसऱ्या दिवसापासून अक्का भावाच्या हाती त्यांना चहा पाठवायला लागली. भाऊ कप देताना म्हणायचा, काका, ह्यात काही पोहत नाही, बिनधास्त प्या.

आत अक्का डोळ्यांत तेल घालून बसली होती. सात दिवस टाकीत काही पडलं नाही. साहेब काळे पडले, ओंडक्याखाली गेले, पोट आत गेलं. अकराचा सुमार झाला की काचेपाशी यायचे, स्टुलाच्या दिशेने तोंड करून उभे राहायचे, स्टूल रिकामं दिसलं की परत फिरायचे. ते बघणं सोपं नव्हतं. अक्काने स्टूलच खोलीबाहेर नेऊन ठेवलं. आठव्या दिवशी काडी घातली. साहेबांनी पाठ केली नाही. नवव्या दिवशी काडीभोवती एक चक्कर मारली. दहाव्या दिवशी काडी हलत असताना साहेबांचं तोंड अचानक नळीसारखं पुढे आलं, पाणी उसळलं, आणि काडीच्या टोकाचा मासा दिसेनासा झाला. अक्का कुणाला न सांगता दारात गेली आणि मान हलवायच्या ऐवजी तिने एक बोट वर केलं. काका बाकावरून उठून उभेच राहिले.

त्यानंतर गाडी रुळावर आली. कोळंबी घेतली. पोटात दाणा दडवलेली कोळंबी घेतली. एकदा दाणा तेवढा थुंकून टाकला, पण पुढच्या खेपेला विसरले. सतराव्या दिवशी भिजवलेला दाणा धारेत सोडला, मॉनिटर पलीकडून काच फोडायला निघाला, आणि ते बघून असेल किंवा भुकेने असेल, साहेब ओंडक्याखालून निघाले आणि त्यांनी तो दाणा गिळला. एकोणिसाव्या दिवशी कोरडा. वाटाण्याएवढे पाच दाणे, एकामागून एक. अंग पुन्हा पिवळं झालं, पट्टे उठून दिसायला लागले. गाडी यायला दोन दिवस बाकी होते. अक्का स्वतः रस्ता ओलांडून गेली आणि काकांना म्हणाली, चला, तुमचे साहेब पास झाले.

काका आत आले. एकोणीस दिवसांनी साहेबांनी त्यांना पाहिलं. तिरके उभे असलेले साहेब सरळ झाले, सरसर काचेपाशी आले आणि तोंड उघडून थांबले. काकांचे डोळे भरून आले. अक्काने वरून दाणा टाकला. दाणा साहेबांच्या नाकाजवळून खाली गेला. त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. दुसरा टाकला, भिजवून टाकला, धारेत सोडला. साहेबांची नजर काकांच्या हातावरून हलेना. दहा मिनिटं झाल्यावर अक्काने दाणे जाळीने काढून टाकले. काका गेल्यावर दुपारी तसेच दाणे टाकले, ते साहेबांनी मटकावले. दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले, दाण्याला तोंड बंद. काका बाहेर गेले, तोंड उघडलं. पुन्हा आत, पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी अक्काने काकांना घरी पाठवलं, आणि एवढंच सांगितलं की उद्या बोलू.

तिला मात्र सगळं कळून चुकलं होतं. पाळणाघरात हे तिने अठरा वर्षं पाहिलं होतं. दिवसभर ताटली चाटूनपुसून खाणारं पोर आई दारात दिसली रे दिसली की पहिलाच घास थुंकून टाकायचं, कारण आई म्हणजे लाड, आई म्हणजे पिशवीतलं बिस्कीट. आईने मन घट्ट केलं तर आठवड्यात सुधारायचं. आई वितळली तर वर्षभर नाही. आणि काकांचं मन घट्ट होणार नव्हतं. साहेबांना ते पुरतं ठाऊक होतं. तिकडे गेल्यावर चार दिवस साहेब तोंड उघडून काचेपाशी उभे राहतील, पाचव्या दिवशी काका कुठून तरी थर्मास भरून आणतील, आणि केलेलं सगळं वाया जाईल. मग लेकीच्या घरात रोज कुरबुर, आणि एक दिवस काका साहेबांना घेऊन परत त्या जिन्यापाशी.

भाऊ म्हणाला, अक्का, तू कशाला जीव जाळतेस? मासा दाणा खातो, हे खोटं आहे का? गाडीत बसवून दे, पुढचं पुढे. अक्कालाही क्षणभर तसंच वाटलं. कारण खरं सांगावं तर काय सांगायचं? ज्या माशासाठी हा माणूस घर सोडायला तयार झालाय त्याला त्याने आपल्या हाताने खायला घालायचं नाही, खाताना बघायचंसुद्धा नाही. असा मासा कशाला हवाय कुणाला? ते म्हणतील, मग मी इथेच बरा. आणि दीड महिना राबून शेवटी काकांना त्या रिकाम्या घरात आपणच ठेवल्यासारखं होईल. त्या दिवशी तिने नऊच्या नऊ टाक्यांच्या काचा दोनदा पुसल्या.

दुसऱ्या दिवशी लेक गाडी घेऊन आली. काका आधीच येऊन मागच्या खोलीच्या दाराबाहेर उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. अक्काने दोघांना पुढच्या भागात बसवलं. आडवळणाने बोलणं तिला येत नसे.

"काका, साहेब दाणा खातात," ती म्हणाली. "पण तुम्ही समोर असलात की नाही खात. ते तुमच्याकडे जिवंत मासे मागतात आणि तुम्ही देणार, हे त्यांना माहीत आहे. तिकडे त्यांना वाढायचं ते लेकीने. त्या वेळी तुम्ही दुसऱ्या खोलीत. रोज."

"किती दिवस?"

"खोटं कशाला सांगू. कदाचित कायमचंच."

लेक खाली बघायला लागली. तिला काकांचं उत्तर माहीत होतं असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. काका म्हणाले, माझी पोर देईल आणि ते खातील? तिला तर ते ओळखतही नाहीत. अक्का म्हणाली, मलाही ओळखत नव्हते. काका उठले, आणि कुणी न सांगता पाय ओढत रस्त्यापलीकडे जाऊन बाकावर बसले. दुकानाकडे पाठ करून.

लेकीने आयुष्यात साहेबांना कधी काही दिलं नव्हतं. पहिला दाणा तिच्या हातून जमिनीवरच पडला. अक्काने तिला माशाच्या तोंडाकडे बघू नकोस म्हणून सांगितलं. दुसरा दाणा पाण्यात पडला, धारेत गरकन फिरला. साहेब ओंडक्याखालून आले, थांबले, आणि त्यांनी तो गिळला. लेक डब्यातून एकेक दाणा काढून देत राहिली. सात झाल्यावर अक्काने तिचा हात धरला आणि पुरे म्हणाली.

मग अक्का रस्ता ओलांडून बाकापाशी गेली. काकांनी मान वळवली नाही.

"जेवले?"

"सात दाणे."

"पोरीच्या हातून?"

"पोरीच्याच हातून."

न्हाव्याच्या दुकानात रेडिओ चालू होता. काका आपल्या गुडघ्यावरचे हात बघत होते. हे दोन हात टनावारी ओझी उचलायला सरावलेले, आणि आता त्यांचं काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं. अक्काने मनाची तयारी केली होती. ते आता म्हणणार, बाई, साहेबांना तुम्हीच ठेवून घ्या, मी काही जात नाही.

"मी जिन्यात पडलो ना," काका म्हणाले, "तेव्हा चार तास पडून होतो. पायाचं काही वाटत नव्हतं. डोक्यात एकच, की सकाळचं राहिलं. आपण इथेच गेलो तर साहेब दुसऱ्या कुणाच्या हातून घेणार नाहीत. तिने वाढवलेला जीव माझ्यामागे उपाशी मरणार. लेकीला हे कसं सांगणार? तेव्हापासून एक रात्र धड झोप नाही, बाई." ते जरा थांबले. "म्हणजे मी नसलो तरी ते जेवतील."

अक्का त्यांच्या समोर येऊन उभी राहिली.

"जेवतील, काका. पोटभर जेवतील."

काकांनी मान डोलावली. पलीकडे लेक दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली होती आणि इकडे यावं की नाही ते तिला कळत नव्हतं.

"परत एकदा सांगा," काका म्हणाले.

अक्का बाकावर त्यांच्या शेजारी बसली आणि तिने परत सांगितलं.